सतरा नंबरचं मेण

१

सतरा नंबरच्या पिस्तुलाला पांढरं फुटलं होतं.

काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर ते आडवं ठेवलेलं होतं. वरचा पोलादी भाग काळाभोर आणि तुकतुकीत. खालचा सांगाडा मात्र, म्हणजे मूठ आणि चाप ज्यात बसवलेले असतात तो भाग, जागोजागी फुगला होता. त्या फुगवट्यांच्या कडांना पिठासारखी पांढरी पूड दिसत होती. वरचं पोलाद अगदी ठणठणीत आणि खालच्या अ‍ॅल्युमिनियमला मात्र रोग जडलेला.

"बघितलंत?" ताई म्हणाल्या. "बावीस वर्षं इथे आहे. कधी एक डाग नाही. आणि आता हे."

ताई म्हणजे या शस्त्रसंग्रहालयाच्या अध्यक्ष. पिस्तूल त्यांच्या वडिलांचं. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा घालून पहिल्यांदा जी शंभर पिस्तुलं बनली त्यांतलं हे एक, सतरा हा संग्रहालयाचा नंबर, पिस्तुलावर कोरलेला आकडा एक्केचाळीस. त्याच जातीची पिस्तुलं पुढे हजारोंनी निघाली, पण पहिल्या शंभरातली आता शोधून सापडत नाहीत. ताई माझ्या बायकोच्या वर्गमैत्रीण, तेव्हा मला नाही म्हणायची सोय नव्हती. तशी मलाही फार कामं नसतात. एकतीस वर्षं मी ठसेतज्ज्ञ म्हणून लोकांची बोटं वाचली, निवृत्तीनंतर बायकोच्या भुवया वाचतो.

"अधीक्षकांचा अहवाल आलाय," ताई म्हणाल्या. "मेणबाईंनी, शस्त्रांना मेण लावतात त्या बाईंनी, चुकीचं काहीतरी चोळलं म्हणतात. चार वाजता बैठक आहे. त्यांना काढायचं, आणि निष्काळजीपणाचा शेरा मारून काढायचं, असं ठरत आलंय."

"मग मला कशाला बोलावलंत?"

ताईंनी काचेवर बोट टेकवलं. "बाबांनी त्या बाईच्या हातात हे पिस्तूल स्वतः दिलं होतं. बावीस वर्षं जी माझ्या वडिलांच्या वस्तूला जपते, ती अशी कशी वागेल? चुकून झालं का मुद्दाम केलं, एवढं मला कळू द्या. मुद्दाम केलं असेल तर मी गप्प बसणार नाही."

त्यांचा आवाज थंड होता. मला ताईंचा नाही, त्या थंडपणाचा संशय आला. माणूस आधी दुखावतो आणि मग पुरावा शोधतो, आणि मग त्याला हवा तोच पुरावा सापडतो.

मी कपाट उघडायला लावलं. हातमोजे चढवले आणि लाकडी दातकोरणीने एक फुगवटा हळूच दाबला. वरचा पातळ, गुळगुळीत थर जरासा दबला आणि परत वर आला. तो फाटलेला नव्हता, त्याला कुठे भोक नव्हतं. पूड फक्त कडेच्या सांध्यातून बाहेर आली होती.

बाहेरून चोळलेल्या गोष्टीने नुकसान केलं असतं तर ते वरून आत गेलं असतं. इथे मेण शाबूत होतं, आणि जे काय सडत होतं ते मेणाच्या खाली होतं.

२

मेणबाई आतल्या खोलीत बसतात. खोलीला खिडकी नाही, डोक्यावर एक ट्यूबलाइट. टेबलावर पांढऱ्या सुती कापडाच्या घड्या, लाकडी काड्या, मऊ ब्रश आणि मेणाचा पत्र्याचा डबा. सगळं कसं ओळीत, मोजून ठेवल्यासारखं. बाई साठीला टेकलेल्या, लहानखुऱ्या, आणि हात मात्र गवंड्याचे.

"बसा भाऊ," त्या म्हणाल्या. "चहा घेणार? थर्मासमध्ये आहे."

त्यांनी कप घेतला, पहिलं बोट कपाच्या काठावरून आत वाकवून धरलं आणि चहा ओतला. बोटाला गरम लागलं तशा थांबल्या. एक थेंब सांडला नाही.

"अहवाल वाचला मी," मी म्हणालो.

"मला वाचून दाखवला." त्या खुर्चीत सरळ झाल्या. "बावीस वर्षं एकच मेण वापरते. निव्वळ मेण. त्यात अमोनिया नाही, घासायची पूड नाही. बाजारात चकाकी आणणाऱ्या डब्या मिळतात ना, त्यांत असतं ते. पोलाद एक वेळ सहन करतं. अ‍ॅल्युमिनियमवरचा काळा मुलामा त्याने खलास होतो. म्हणून ती डबी मी या खोलीत येऊच देत नाही."

"पण अ‍ॅल्युमिनियमला गंज कुठे लागतो?"

"लालसर गंज लागत नाही. पण माणसाचा घाम लागतो, खारी हवा लागते. मुलामा कुठे खरवडला की तिथून पांढरं धरतं. म्हणून पातळ थर द्यायचा. दहा मिनिटं थांबायचं, मग पुसायचं. नुसतं चोपडून ठेवायचं नाही. आणि सरकत्या भागांना तर मेण लावायचंच नाही, तिथे तेल. मेण साचलं की तो भाग अडकतो."

"दर वर्षी जुनं मेण काढता?"

"सपाट भागावरचं निघतं. कोपऱ्यातलं नाही निघत सगळं. चापाच्या कडीखाली, स्क्रूच्या खाचेत बसतं ते. कोरायला गेलं तर मुलामा जातो. म्हणून राहू देते." त्या पहिल्यांदाच हसल्या. "माझी तेवढीच सही म्हणा."

"या वर्षी सतरा नंबरला मेण कधी लावलं?"

"पंधरा दिवस झाले."

"तेव्हा काही वेगळं वाटलं?"

कापडाच्या घडीवर फिरणारा त्यांचा हात थांबला. अगदी क्षणभर.

"नाही," त्या म्हणाल्या. "काही नाही."

एकतीस वर्षांत मी हजारो खोटं बोलणारे पाहिलेत. सराईत माणूस खोटं बोलताना हात हलवत राहतो. हात थांबतो तो ज्याला सवय नसते त्याचा. मेणबाई खोटं बोलत होत्या.

३

अधीक्षकांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. सैन्याच्या शस्त्रागारात उभी हयात गेलेली, रायफलींच्या सहवासात राहून स्वतःही तसेच ताठ झालेले. त्यांच्या दाराबाहेर एक लाकडी खोकं होतं. त्यावर खडूने लिहिलेलं: नादुरुस्त, ११ नग.

"आज जरा गडबड आहे," साहेब म्हणाले. "ही मोडकी पिस्तुलं सुटी करायला दुसऱ्या संस्थेत पाठवतोय. तीनला गाडी येईल. विचारा काय विचारायचं ते."

मी वही काढायला वळलो आणि माझ्या कोपराने त्यांचा पाण्याचा तांब्या आडवा केला. मुद्दाम नाही केलं. बायकोला विचारा, घरीही असंच होतं. पाणी टेबलभर पसरलं. फाइल भिजायला लागली, सहीचा कागद भिजला. साहेबांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी आधी पत्रं फोडायची पोलादी सुरी उचलली, रुमालाने खसाखसा पुसली, ड्रॉवरमधून मेणाची डबी काढली आणि अंगठ्याने मेण चोळलंसुद्धा. मग फाइल उचलली.

"अहो, कागद!" मी ओशाळून म्हणालो.

"कागद वाळतात. पोलाद ओलं झालं की मिनिटभर उघडं ठेवायचं नाही. चाळीस वर्षांची सवय आहे."

"बाईंबद्दल काय वाटतं तुम्हाला?"

"वाईट वाटतं. कामाला वाघ आहे बाई. पण म्हणूनच राग येतो. एखादी म्हातारी, डोळ्यांनी अधू असती तर समजू शकलो असतो. हिची नजर घारीची. दिसत असून चुकीची डबी उचलली, याला मी चूक म्हणत नाही."

"म्हणजे मुद्दाम?"

"मी तसं लिहिलेलं नाही." त्यांनी खांदे उडवले. लिहिलं नसलं तरी ते माझ्या कानात घालायला विसरले नव्हते. "आणि एक. ते पिस्तूल आता दाखवायच्या लायकीचं राहिलं नाही. ताईंना सांगा, आजच्याच गाडीत तेही देऊन टाकू. तिकडे सांगाडा साफ करून मिळेल. डोळ्यांसमोर राहिलं की त्यांना उगाच त्रास."

किती समजूतदार माणूस, असं मला वाटलं. आणि लगेच वाटलं, इतका समजूतदारपणा सकाळी अकरा वाजता कुणाला परवडतो?

४

दुरुस्तीचा कारखाना मागच्या अंगणात आहे. मिस्त्री तिथे कपाटांची कुलपं, चौकटी, बिजागऱ्या बघतो. मी गेलो तेव्हा तो अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीच्या पट्ट्या धूत होता. बाजूला कॉस्टिक सोड्याचा डबा.

सोडा बघून माझे कान टवकारले.

"हा कशाला?"

"जुना रंग काढायला. अ‍ॅल्युमिनियमवर मुलामा असो, रंग असो, सोड्यात साफ निघतो. फार वेळ ठेवला तर पट्टीसुद्धा निघते." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "खरी कटकट नंतर. सोडा सांध्यात राहिला की आतून खात बसतो. म्हणून व्हिनेगरचं पाणी, मग साधं पाणी, तीनदा. मग उद्यापर्यंत हात लावायचा नाही. ओल्यावर रंग दिला की मेलंच."

"मेणबाईंशी पटतं का तुमचं?"

त्याचं हसू गेलं. "वर्ष झालं, बोलत नाही आम्ही. तिच्या कामाच्या कापडाला माझ्या हाताचं ग्रीस लागलं, तर चारचौघांत मला म्हणाली, तुझ्या हाताला शिस्त नाही. तीस वर्षं हातावर पोट भरलेल्या माणसाला म्हणाली ती."

राग होता. सोडा होता. अ‍ॅल्युमिनियमचं ज्ञान तर माझ्यासमोर ठिबकत होतं. मी डबा उचलून पाहिला, निम्म्याहून खाली होता.

"बराच वापरता."

"नाही हो. दिवाळं निघाल्यासारखा कमी झालाय. सहा महिन्यांपूर्वी एका सुट्टीनंतर आलो तर निम्मा डबा गायब. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, माझ्यावरच यायचं."

"कारखान्याची किल्ली?"

"एक माझ्याकडे. दुसरी साहेबांच्या खोलीत, खिळ्याला. ती कुणीही काढू शकतं."

दारावरच्या रखवालदाराला सगळे मामा म्हणतात. मामांनी मला शिरतानाच दोनदा तपासलं होतं.

"इथून टाचणी बाहेर जात नाही," मामा म्हणाले. "आत येतानाही पिशवी उघडायची, बाहेर जातानाही. माझी बायको डबा घेऊन आली तरी मी डबा उघडून बघतो. आठवडाभर बोलत नाही मग ती. जायचंच असेल तर साहेबांच्या पत्राने आणि गाडीने."

"या सहा महिन्यांत किती गाड्या गेल्या?"

"एकही नाही. आजची पहिली."

"मेणबाई कायम त्या आतल्या खोलीतच बसतात?"

"छे! दिवाणखान्यातल्या मोठ्या खिडकीपाशी टेबल होतं त्यांचं. सहा महिने झाले, साहेबांनी आत हलवलं. धूळ येते म्हणाले. त्याच वेळी सगळ्या शस्त्रांना ह्या एवढाल्या आकड्यांच्या चिठ्ठ्या बांधल्या. आधी बाई भिंग घेऊन धातूवर कोरलेला आकडा वाचायच्या आणि मगच हात लावायच्या. आता चिठ्ठी बघितली की झालं. सोय झाली."

"कुणी मागितल्या होत्या चिठ्ठ्या?"

"कुणीच नाही. साहेबांनाच सुचलं." मामा जरा थांबले. "बाई पण हल्ली आळशी झाल्यात बघा. पेपर माझ्याकडून वाचून घेतात. तुमचा आवाज छान आहे मामा, म्हणतात."

मामांचा आवाज फाटक्या भोंग्यासारखा होता.

मला तो चहाचा कप आठवला. काठावरून आत वाकलेलं बोट आठवलं. माझी बायको दोन वर्षांपूर्वी अगदी तसाच चहा ओतायची. मला वाटायचं, वयाने आलेली लकब असेल. डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला तेव्हा मला माझीच लाज वाटली होती.

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. आत कुणीतरी खोक्यावर खिळे ठोकत होतं.

५

मी मेणबाईंच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"बाई, माझ्या हातात किती बोटं आहेत?"

 बाईंचा चेहरा माझ्याकडे होता आणि डोळे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"आठ महिने." आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "आधी धुरकट दिसायचं. आता माणूस कळतो, चेहरा कळत नाही. शस्त्र हातात आलं की सगळं कळतं हो, भाऊ! प्रत्येक खाच पाठ आहे मला. कुणाला सांगू नका. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत माझे. आंधळी म्हणून काढलं तर मी सहन करीन, पण बाबांच्या पिस्तुलाची वाट लावली म्हणून काढलं तर मी मान वर करून चालू शकणार नाही."

 संशयाने सकाळपासून या बाईच्या हातांकडे पाहत होतो, त्याचा मला राग आला.

"मग सकाळी माझ्याशी खोटं का बोललात? पंधरा दिवसांपूर्वी काहीतरी वेगळं लागलं होतं तुमच्या हाताला."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"कोपरे रिकामे होते," त्या म्हणाल्या. "चापाच्या कडीखाली माझं जुनं मेण असतं. तिथून नख फिरवलं की कळतं, हा सतरा. या वेळी तिथे काहीच नव्हतं. धातू नुसता, नव्यासारखा. मला वाटलं, डोळे गेले, आता हातही चालले. मी घाबरले. चिठ्ठीवर सतरा मोठ्ठं लिहिलं होतं, तेवढं दिसलं. म्हटलं, चिठ्ठी खोटी कशी असेल?"

"बाई, हात ठीक आहेत तुमचे. ते पिस्तूल तुमचं नव्हतंच."

त्या उठून उभ्या राहिल्या. "मग माझं कुठे आहे?"

चिठ्ठ्यांचं ऐकल्यापासून मी तेच विचारत होतो, स्वतःला. मामा आत येतानाही पिशवी उघडतात. म्हणजे खोटं पिस्तूल बाहेरून आलेलं नाही. सहा महिन्यांत गाडी गेलेली नाही, म्हणजे खरं बाहेर गेलेलं नाही. दोन्ही पिस्तुलं याच छपराखाली होती आणि मोजदाद कधी चुकली नव्हती.

"बाई, त्या मोडक्या अकरांत या जातीचं एखादं आहे?"

"नऊ नंबर," बाई म्हणाल्या. "साधं, नंतरचं. आतून मोडलंय, बाहेरून सतरासारखंच."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

६

खोकं दारापर्यंत गेलं होतं. मी मामांना ओरडून सांगितलं, "थांबवा!" आणि मामांनी फाटकात आडवे हात पसरून उभं राहण्याचं जन्मभराचं स्वप्न पूर्ण करून घेतलं. ताई खाली आल्या. मिस्त्री हात पुसत आला, मेणबाई भिंतीला हात लावत माझ्यामागून आल्या. साहेब आधीच तिथे होते.

"हा काय प्रकार आहे?" साहेब म्हणाले. "गाडीवाल्याला वेळ दिलेली आहे."

"पाच मिनिटं. खोकं उघडा. ही अकरा पिस्तुलं मामांच्या टेबलावर मांडायची आहेत, चिठ्ठ्या काढून. मेणबाई त्यांतलं एक निवडतील."

"निवडतील म्हणजे?"

"हाताने. न बघता."

"चेष्टा लावलीय का तुम्ही?" साहेबांचा आवाज चढला. "जिला धड चहा ओतताना दिसत नाही, त्या बाईच्या बोटांवर तुम्ही संस्थेचं काम…"

ते मध्येच थांबले. 

"सकाळी तर तिची नजर घारीची होती, साहेब," मी म्हणालो.

ताईंनी बाईंकडे पाहिलं. आता बाईंना पळायला जागा होती, नुसतं नाही म्हणायचं.  आठ महिने जे लपवण्यासाठी त्या जगल्या होत्या, ते साहेबांनी अर्धंच उघडं केलं होतं.

"खरं आहे, ताई," बाई स्पष्ट म्हणाल्या. "मला दिसत नाही. मी सांगितलं नाही, ती माझी चूक. आता पिस्तुलं मांडा."

मिस्त्रीने खोकं उघडलं. अकरा पिस्तुलं ओळीने ठेवली. बाई टेबलाशी आल्या. पहिलं उचललं, ठेवलं. दुसरं, तिसरं. हात घाईत नव्हते. मी साहेबांकडे बघत होतो. ते पिस्तुलांकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते.

सातव्यावर बाईंचा हात थांबला. त्यांनी चापाच्या कडीखाली नख फिरवलं. मग स्क्रूच्या खाचेत. मग पिस्तूल दोन्ही हातांत धरून छातीशी घेतलं.

"हे," त्या म्हणाल्या. "एकवीस वेळा लावलंय मी याला."

ताईंनी ते उलटून पाहिलं. "इथे तर आकडाच नाही. गुळगुळीत आहे."

"काडी द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी लाकडी काडीचं टोक त्या गुळगुळीत जागेवर फिरवलं. काळं मेण भुग्यासारखं निघायला लागलं. कुणीतरी मेणात काजळी कालवून कोरलेला आकडा बुजवला होता. आधी चार दिसला, मग एक.

एक्केचाळीस.

ताईंनी तोंडावर हात धरला.

"आता सरळ आहे," मी म्हणालो. "नऊ नंबर सतराच्या जागी ठेवायचा, तर त्यावरचा आकडा घासून एक्केचाळीस ठोकावा लागतो. त्यासाठी काळा मुलामा काढावा लागतो. मुलामा कॉस्टिक सोड्याने निघतो. इथवर हे कुणीही करू शकलं असतं, किल्ली खिळ्यालाच होती. चूक पुढे झाली. मिस्त्री, सोड्यातून काढलेलं अ‍ॅल्युमिनियम तुम्ही किती वेळ ठेवता?"

"व्हिनेगर, तीन पाणी, आणि अख्खा दिवस," मिस्त्री म्हणाला. "नाहीतर आतून खातं."

"ज्याने हे केलं त्याने तेवढा वेळ ठेवलं नाही. धुतलं, पुसलं, रंग दिला आणि वर लगेच मेण. सोडा आतच कोंडला गेला. सहा महिने तो मेणाखाली बसून खात राहिला आणि आता वर आला. अशी घाई अ‍ॅल्युमिनियमची सवय असलेला माणूस करत नाही. ती पोलादाची सवय आहे. धुतलेलं पोलाद मिनिटभर उघडं राहिलं तर गंजतं. आज सकाळी मी एका टेबलावर पाणी सांडलं. फाइल बुडत होती, आणि त्या माणसाने आधी सुरीला मेण लावलं."

 साहेबांचा उजवा अंगठा तर्जनीवर फिरत होता, काहीतरी चोळत असल्यासारखा.

"टेबल खिडकीपासून हलवलं, मोठ्या चिठ्ठ्या बांधल्या," मी पुढे म्हणालो, "कारण बाईंना कमी दिसतं हे तुम्हाला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कोरलेला आकडा कुणी भिंगातून वाचू नये, एवढंच हवं होतं. पांढरं फुटलं नसतं तर आज नऊ नंबर म्हणून खरं पिस्तूल त्या दुसऱ्या संस्थेच्या नावाखाली तुमच्या ओळखीच्या माणसाकडे पोचलं असतं. फुटलं, म्हणून बाईंवर ढकललं. वर खोटंही त्याच गाडीत घालायला निघालात."

"चाळीस वर्षं," साहेब अखेर म्हणाले, कुणाकडेच न बघता. "चाळीस वर्षं दुसऱ्यांची हत्यारं पुसली. एकसुद्धा माझं नव्हतं."

 मामांनी फाटकाला कुलूप घातलं आणि ताईंनी पोलिसांना फोन लावला.

मग ताई बाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. "मला का नाही सांगितलंत? इतक्या वर्षांत एवढा विश्वास नव्हता?"

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं मला?" बाई म्हणाल्या.

ताई खोटं बोलू शकल्या असत्या. 

"नसतं ठेवलं," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. "आज सकाळपर्यंत नसतं ठेवलं."

"मग झालं तर."

"चारची बैठक होईल," ताई म्हणाल्या. "विषय बदललाय. बाई, तुम्ही रजा घ्या आणि डोळ्यांचं ऑपरेशन करून या. तुम्ही येईपर्यंत या पिस्तुलाला कुणी हात लावणार नाही."

"माझ्या बायकोचं झालंय," मी म्हणालो. "आता तिला सगळं दिसतं. माझे हाल आहेत."

बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पिस्तूल अजून त्यांच्या हातात होतं आणि कापडाच्या टोकाने त्या आकड्यात राहिलेली काजळी पुसत होत्या.

"रजा घेईन," त्या म्हणाल्या. "पण आधी माझं टेबल खिडकीपाशी न्या."

आम्ही आतल्या खोलीत आलो. मामा पुढे झाले. टेबल जड होतं, एकट्याने उचलेना. दाराशी मिस्त्री उभा होता. त्याने आपल्या तळहातांकडे पाहिलं, ते पाठीमागे पँटला नीट पुसले, आणि येऊन टेबलाचं दुसरं टोक धरलं.

"सावकाश," बाई त्याच्या दिशेने मान वळवून म्हणाल्या. "ओढू नकोस. फरशीला चरे पडतात."

"माहीत आहे," मिस्त्री म्हणाला, आणि त्याने टेबल उचललं.